दोन्ही कौल उजवे

मुंबईजवळच्या वडप्यात आमची खोली घरमालकिणीच्या मागच्या ओट्याला लागूनच होती. पुढं त्यांचं दुमजली घर, मागं आमच्यासारख्या भाडेकरूंच्या खोल्या आणि जिथं पूर्वी त्यांचा भात पिकायचा तिथं पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन. नवरा तिथून टेम्पो भरून न्यायचा, मी आत बसून खोक्यांवर स्टिकर लावायचे. सातवीत माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि हिंगोलीकडून थेट इथं आले. बाळंतपणाला माझ्या आईला येता आलं नाही. मला न्हाऊ घातलं ते मालकिणीनं. शेकशेगडी, अळिवाची खीर, बाळाची टाळू भरणं, सगळं तिनंच केलं. मी तिला मावशी म्हणायचे ते काही तोंडदेखलं नव्हतं.

म्हणून त्या पावसाळ्यात तिच्या घरात जो विषय निघाला, त्यात माझं मत कुणी विचारू नये असं मला फार वाटत होतं.

मावशीची धाकटी लेक बारावी झाली आणि इंजिनिअरिंगला तिचा दोन ठिकाणी नंबर लागला. एक कॉलेज मुंबईतलं, जुनं, नावाजलेलं. दुसरं पार दक्षिणेत, रेल्वेत दोन रात्री काढल्यावर येणारं, पण नावाला तितकंच मोठं. दोन्हीकडं मेकॅनिकलच. क्लासचे सर येऊन चहा पिऊन सांगून गेले, "उन्नीस-बीसचा फरक आहे, डोळे झाकून कुठंही घाला." आठवड्याभरात एक जागा ठेवायची आणि एक सोडायची होती.

डोळे झाकून म्हटल्यावर काकांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, देवीचा कौल लावला. जमीन विकताना लावला होता, थोरलीचं लग्न ठरवतानाही लावला होता. गावदेवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली पाकळी चिकटवायची, मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकांनी विचारलं, पोरीला मुंबईला घालू का? उजवी पडली. काका पेढे घेऊनच घरी आले.

पोरीनं पेढ्याला हात लावला नाही. "देवीला मेकॅनिकलमधलं काय कळतं, बाबा?"

"परीक्षेच्या आधी नारळ बोलली होतीस, तवा कळत होतं ना तिला?" काका म्हणाले.

"मुंबईत राहिले तर दर शनिवारी तुम्ही गाडी घेऊन गेटवर उभे राहणार. मला एकदा माझं माझं राहून बघायचंय."

"मंग? बाप गेटवर आला तर लाज वाटते का गो तुला?"

ती रडत माडीवर गेली. काकांनी पेढा स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी मावशी आली आणि म्हणाली, "चल गो, देवळात जाऊन येऊ." मी बाळाला कडेवर घेतलं. मला वाटलं ओटी भरायची असेल. पण मावशीनं गुरवाला कौल लावायला सांगितला.

गुरव हसला. "काल शेठनी लावला की."

"त्यांचा त्यांनी लावला. माझा मी लावते."

आणि तिनं मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं विचारलं, "लांब गेली तर पोर सुखी राहील का?" मला कळलं, तिला डावा कौल हवा होता. एकदा देवीनंच नाही म्हटलं की पोरीला अडवल्याची मनातली टोचणी थांबली असती. आम्ही बघत राहिलो. उजवी पाकळी हलली, घसरली, देवीच्या पायाशी पडली.

गुरव म्हणाला, "घ्या. तिकडं पण हो, इकडं पण हो. आता तुमचं तुम्ही बघा."

मावशीनं पाकळी पदराला बांधली. वाटेत एवढंच म्हणाली, "घरात बोलू नको हां."

मी कशाला बोलते! पण मोठ्यांच्या घरातली गोष्ट आपल्या पोटात आली की मला झोप लागत नाही, अजूनही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघी मावशीच्या ओट्यावर सुका जवळा निवडत बसलो होतो. पहिल्यांदा इथं आले तेव्हा त्या वाळक्या बारीक मासळीच्या वासानं मला मळमळायचं. आता माझे हात आपोआप चालत होते. काका आत बातम्या बघत होते. पोर एकदम म्हणाली, "वहिनी, तूच सांग. घरापासून लांब राहिलेली आपल्या तिघींत तू एकटीच आहेस. कसं असतं?"

मावशीचे हात थांबले.

काय सांगणार होते मी? छान असतं म्हणावं तर ज्या बाईनं मला आईच्या जागी सांभाळलं, तिची लेक तिच्यापासून तोडल्यासारखं. वाईट असतं म्हणावं तर तिनंच केलेल्या खिरीची किंमत काय उरली? मी जवळ्यातला खडा शोधत राहिले. नव्हता तरी.

"पहिले महिने वाईट असतात," मी म्हणाले. "तुमचं हाय-न्हाय पण मला नीट कळायचं नाही. दुकानात गेले की बोट दाखवायचे. आजारी पडले की वाटायचं, मेले तर कुणाला कळणार पण नाही." पोरीचा चेहरा उतरला. मला थांबवेना. "पण मी काही माझं ठरवून आले नव्हते. मला आणलं. तू ठरवून जाशील. त्यात किती फरक पडतो ते मला नाही माहीत. मला आता कुणी परत जा म्हटलं तर... जाणार नाही मी. इथं माझी माणसं आहेत."

मग मावशीनं पदराची गाठ सोडली. पाकळी सुकून काळी पडली होती. ती तिनं सुपात, जवळ्याच्या बाजूला ठेवली.

"देवीनं मला पण उजवाच दिला," ती म्हणाली. "लांबचा."

आतून काकांचा आवाज आला, "काय? तू परत कौल लावलास? एकाच गोष्टीला दोनदा? देवी काय चौकशीची खिडकी हाय?"

"तुम्ही तुमच्या सोयीचं विचारलंत," मावशी तिथूनच म्हणाली, "मी पण माझ्याच सोयीचं विचारायला गेले होते. देवीनं दोघांना हो म्हटलं आणि मोकळी झाली. आता पोरीलाच विचारा."

काका दारात येऊन उभे राहिले. वाकून सुपातली पाकळी उचलून बघितली. मग म्हणाले, "रेल्वेनं दोन रात्री लागतात ना? पोचवायला मी येणार. गेटपर्यंतच."

पोर दक्षिणेत गेली. मी मात्र धास्तावले होते. तिला काही झालं तर मावशी मला एक शब्द बोलणार नाही हे माहीत होतं, आणि त्याचीच भीती जास्त. त्यांच्या घरात मोबाईल वाजला की माझे कान तिकडं लागायचे.

पहिला फोन आला त्या संध्याकाळी मावशी माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"रडली का?" मी विचारलं.

"रडली. भात जाडा हाय म्हणते, बोलणं कळत न्हाय म्हणते. दुकानात बोट दाखवते." ती जरा थांबली. "परत येऊ का म्हणाली न्हाय."

मी भाकरी तव्यावर टाकली. मावशी उठेल असं वाटलं, पण तिनं माझं बाळ मांडीवर ओढलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"तू किती रडलीस गो?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं तिनं. "सांग आता. मला काय घाई न्हाय."