सारंगचा सेल्फी

हे मी आजपर्यंत कुणापाशी काढलं नाही. आईपाशी नाही, देवापाशी पण नाही – तो सगळीकडं असतो म्हणतात, म्हणजे त्या सकाळी तिथं पण असणार. तुला सांगतो. लई दिवस झाले, थकलो आता.

मला आवाज काढता येतात. परांड्याच्या शाळेत मी माईकवर हेडसरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती. अर्धी शाळा घरी गेली. मार खाल्ला, पण पोरं काय हसली राव! तेव्हापासून ती सवयच लागली.

कॅनडात सस्काटूनला कॉलेजला आलो, तिथं बेसमेंटमध्ये रूममेट भेटला – सारंग, नागपूरचा. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी नॅशनल पार्कांत एन्ट्री फ्री होती. सप्टेंबरात तो म्हणाला, "चल बे, फुकटात रॉकीज पाहून येऊ." गाडी रेंट केली, निघालो. पोचलो तर जंगलाला आगी लागलेल्या, सगळीकडं धूर. एवढाली शिखरं – आणि दिसतंय काय, तर पडद्यामागं कुणीतरी उभं असल्यासारखं. सारंग म्हणतो, "तिकीट असतं तर रिफंड मागितला असता."

संध्याकाळी कॅम्पग्राउंडमागच्या माळावर एल्क ओरडायला लागला. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं. त्या दिवसांत नर माद्या गोळा करून दुसऱ्या नराला आवाज देतो – ये, हिंमत असेल तर. आधी गंजलेलं फाटक उघडल्यागत, मग लांब शिट्टी. दिवसभर गाडी चालवून सारंग तंबूत घोरत होता. मी गाडीच्या काचा लावून तो आवाज बसवत राहिलो. बोर्डावर लिहिलं होतं – प्राण्यांपासून लांब राहा, त्यांना आवाज देऊ नका. मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं म्हणायची पण सोय नाही मला.

सकाळी – हां, इथं अडतं बघ. दर वेळी इथंच अडतं.

लोकांना काय सांगितलं, ते आधी सांगतो. सारंग सेल्फी काढायला एल्कजवळ गेला, एल्कनं त्याला उडवला. पार्कच्या वॉर्डनला हेच सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली, असली माणसं त्याला रोज भेटत असणार. हॉस्पिटलमधून सारंगच्या आईला फोन केला – "काकू, घाबरू नका, पाय मोडलाय. फोटो काढायला गेला होता." काकू रडत म्हणाल्या, "तू होतास म्हणून रे बाबा."

दिवाळीला पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा, तिथं तर मी त्याची नक्कल पण केली. पुढं केलेला हात, ओठांचा चंबू, मागनं एल्क – लोक लोळले. सारंग कुबड्या शेजारी ठेवून सगळ्यांत जास्त हसला. का हसणार नाही? डोक्याला मार लागलेला, ती सकाळ त्याला आठवतच नाही. मी दिली तेवढीच त्याच्याकडं आहे.

खरं असं – तो नळावर दात घासत होता. हातात ब्रश होता. फोन गाडीत, चार्जिंगला. मी झुडपात लपून एल्कचा आवाज काढला, त्याला घाबरवायला. तो दचकला, मग फेसाळलेल्या तोंडानं ओरडला, "तूच आहेस ना बे? बाहेर ये!" मला हसू आवरेना. परत काढला, अजून जोरात. ह्या वेळी माळावरनं उत्तर आलं. एल्क पळत आला तो माझ्यावर – माझ्यावर, कळतंय का? सारंग मधे होता.

मी झुडपातनं हाललो नाही. "पळ" म्हणायला किती वेळ लागतो? एवढे आवाज येतात मला, त्यातला एक पण निघाला नाही.

फोन मी नंतर गाडीतनं काढून हॉस्पिटलात त्याच्या उशाशी ठेवला. शुद्धीवर आला तसा गॅलरी चाळायला लागला. "फोटो कुठंय बे?"

"काढायच्या आधीच आला तो."

"सॉरी यार," म्हणाला. "तुझी ट्रिप खराब केली मी."

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. माणसांवर धावतो म्हणून त्या एल्कची शिंगं कापली, असं पुढं कळलं. ते पण ऐकून घेतलं.

सारंगचा पाय नीट जुळला नाही. वेअरहाऊसचं उभ्यानं करायचं काम सुटलं, सेमिस्टर गेली, मग तो नागपूरला परत गेला. पीआरची, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवान्याची खरी हौस त्याला होती – झाला माझा. मी आता मार्कहॅमला टेक सपोर्टला आहे, दिवसभर हेडसेट लावून कॅनेडियन आवाजात लोकांना सॉरी म्हणतो.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर भाचा. त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होता, "हा काका होता तिथं, विचार त्याला. मामानं सेल्फीच्या नादात पाय घालवला." पोरगं हसलं. मग सारंग मला म्हणाला, "येडाच होतो ना बे मी?"

मी म्हणालो, "होतास."