लोटलेली धोंड

ईस्टरला आम्ही उजाडायच्या आत कबरस्तानात जातो. शेजारीण तोंडावर विचारायची, सणाच्या दिवशी मसणवटीत कुणी जातं का? अगं बाई, आमचा सणच तिथला! शुक्रवारी वधस्तंभावर मेलेला येशू रविवारी पहाटे उठला, बायका गेल्या तर कबरीच्या तोंडावरची धोंड लोटलेली. म्हणून आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायच्या, मोगरा वाहायचा. एकानं म्हणायचं, "प्रभू उठला आहे." दुसऱ्यानं म्हणायचं, "खरोखर उठला आहे."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आई ईस्टरच्या आधी, उपवासकाळात गेली आणि बाबांनी जेवण टाकलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. डोळ्यांदेखत माणूस वाळत चाललं होतं. यांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून तर मी माहेरी येऊन राहिले होते. मी चिडायचे, ओरडायचे. ते नुसते म्हणायचे, "ईस्टर येऊ दे."

आला. कबरस्तान गावाबाहेर, डिंगोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर; दोन्हीकडं ऊस, वारा नव्हता तरी पाचट वाजत होतं. बाबा पुढं, इतके भराभर की मला धाप लागली. बाकीची मंडळी अजून यायची होती. आईच्या कबरीवर बॅटरी मारली आणि मी धावतच पुढं गेले.

नव्या कबरीवर आम्ही दगड रचतो, वर बाभळीचे काटे टाकतो. नाहीतर तरस उकरतं. काटे बाजूला पडले होते, दगड कडेला नीट रचून ठेवले होते. मधे खड्डा, जनावराच्या नखांनी उकरलेला.

"दगड कुणी काढले?"

"मीच. काल येऊन. तिला उठायला अडचण नको." खड्ड्याकडं न बघता बाबा म्हणाले, "तू बघ. हाय का ती?"

मी वाकले. शवपेटीची फळी दिसत होती. धड होती, देवाची कृपा. आई तिथंच होती. असा संताप आला की चांगलं सुनवावं यांना! पण वर बघितलं तर त्यांचं तोंड नवरदेवासारखं उजळलेलं.

"न्हाई बाबा," मी म्हणाले. "उठली."

"खरोखर उठली!" ते मोठ्यानं हसले. त्या अंधारात ते हसणं ऐकून मला त्यांचीच भीती वाटली. मंडळी यायच्या आत मी हातांनीच माती लोटली, दगड परत चढवले. ते मोगऱ्याची ओंजळ धरून शांत उभे होते.

घरी येऊन त्यांनी अडीच भाकरी खाल्ल्या. मी चुलीपुढं बसून आनंदानं रडले. सुटलो बाई, म्हटलं.

त्या वर्षी बिबट्याचा एवढा धाक होता की दिवेलागणीलाच घरोघर कड्या लागायच्या. त्या संध्याकाळी मी दार लावायला गेले तर बाबा उंबऱ्यात बसलेले, शेजारी वाढून झाकलेलं एक ताट.

"आत चला बाबा, दार लावू द्या."

"लावू नको." अंगणापलीकडं ऊस हलत होता. ते तिकडंच बघत होते. "सकाळीच उठली म्हणालीस ना? मग अजून घरी कशी आली न्हाई?"