आत्याच्या नावापुढचे तारे

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी सव्वीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे उभीच. बसून बटण नीट दिसत नाही, असं तिचं म्हणणं. चूक सापडली की ती शर्ट घेऊन थेट तो शिवणाऱ्या बाईच्या मशीनपाशी जाते. "अगं बाई, गाठ कुणी मारायची? मी?" असं म्हणते आणि स्वतःच मारून दाखवते. ती चूक त्या बाईकडून पुन्हा होत नाही.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि साहेबांना अक्कल शिकवली: ज्या वागण्याला लगेच शाबासकी मिळते, ते वागणं वाढतं. यात खोटं काही नाही. मग मी भिंतीवर तक्ता लावला. तपासणारीने जितक्या चुका पकडल्या, तितके तिच्या नावापुढे तारे. तीन महिन्यांनी सर्वांत कमी तारे असतील तिची बदली गोदामात, ही भर साहेबांची.

वागणं वाढलंच. पकडणं वाढलं, म्हणून चुकाही वाढल्या. बाकीच्या टेबलांवर सरळ ठरलं होतं: तू बटण सैल ठेव, मी पकडते. साहेब तक्त्यासमोर उभे राहून चहा प्यायचे. आत्याकडे बारा जणींचं काम यायचं आणि तिचे तारे होते सात.

"मला गोदामात टाकू नका रे," ती मला घरी म्हणाली. "तिथे बोलायला माणूस नाही. खोक्यांशी बोलू का मी?"

मी म्हणालो, "बघतो." काय बघणार होतो, डोंबल!

शेवटच्या दिवशी तिच्या टेबलावर एकामागून एक चाळीस सैल बटणं आली. त्या बारा जणींनी मुद्दाम सोडलेली. नुसतं लिहून द्यायचं होतं. आत्याने सुई-दोरा घेतला आणि चाळीसही बटणं स्वतः पक्की केली.

"ताई, लिहा ना हो!" त्यातली एक रडकुंडीला आली.

"हे शिकवलं का मी तुम्हाला?" आत्या म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.

मला राहवलं नाही. साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, तक्ताच चुकलाय, चूक माझी आहे. तिच्याकडे चुका सापडत नाहीत, कारण ती त्या होऊच देत नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. चष्मा लावून त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"न झालेल्या चुका कुठे लिहिल्यात?" त्यांनी विचारलं.

त्याला रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते. सोमवारी आत्याचा डबा आणि चपला गोदामापर्यंत मीच पोचवल्या.