पोतंवाल्या बाई

आमच्या प्रशिक्षणाच्या बाई शिकवायच्या नाहीत. निरवांगीच्या शाळेत पहिल्या सकाळी त्या आल्या, आणलेलं पोतं जमिनीवर उलटं केलं आणि कोपऱ्यात बसून वाटाणे सोलू लागल्या. समोर करवंट्या, फुटक्या बांगड्या, दुधाच्या कॅनची झाकणं आणि उसाची चिपाडं यांचा ढीग. बारामती-इंदापूरकडच्या आम्ही वीसेक बालवाडीताया नव्या वह्या उघडून बसलेल्या. तारीख लिहून झाली. पुढं काय लिहायचं, कुणालाच कळेना. त्याच दिवशी त्यांचं नाव पडलं, पोतंवाल्या बाई.

मी सणसरची, तेव्हा वीस वर्षांची. धीर करून विचारलं, "बाई, ह्याचं काय करायचं?"

"मला काय ठावं? मी काय तुमच्या मनात बसलेय व्हय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आपल्याला खेळता येत न्हाय, आन् पोरांना काय खेळवणार?"

दुपारी आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर पारूताईंना कंटाळा आला. त्यांनी चिपाडांची मोळी बांधली. दुसरीनं ती डोक्यावर घेतली. तिसरी म्हणाली, "आता ह्याचं वजन कोण करणार?" झालं! दोन दिवसांत व्हरांड्यात आमचा साखर कारखाना उभा राहिला. पदर खोचून दोघी बैल झाल्या, पारूताई गेटवर बसल्या आणि मी दोन्ही हात पसरून वजनकाटा. कुणाची गाडी आधी, यावरून दोघींनी बोलणं टाकलं. बाई म्हणाल्या, "तुमीच मिटवा." मग आम्हीच झाकणांवर नंबर टाकून रांग लावली.

चौथ्या दिवशी तालुक्याचे साहेब वर्गाच्या तपासणीला आले. पारूताईंनी गेटवर अडवलं.

"नंबर?"

"अहो, मी साहेब आहे."

"आसाल. नंबर लागल्याबिगर काट्यावर सोडत न्हाय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई वाटाणे सोलत होत्या. मग काय झालं कोण जाणे, साहेब झाकण घेऊन दोन बैलांच्या मागं रांगेत उभे राहिले. नंबर आला, तशी त्यांनी फाईल माझ्या तळहातावर ठेवली. मी डावीकडे कलले आणि म्हणाले,

"उसाला पाला लय हाय. साफ करून आणा."

"पाला कुठाय? सकाळीच साफ केलाय!" साहेब ओरडले. पाव तास भांडले. मग एकदम भानावर आले, फाईल काखेत मारली आणि निघून गेले.

आठवड्याच्या आत वर्ग बंद झाला. साहेबांच्या अहवालात लिहिलं होतं, 'बाईंनी काहीही शिकवलेले नाही.'

बाईंनी तो दोनदा वाचला. "खरं लिवलंय. एवढं जमायला मला बारा वर्सं लागली." एवढं बोलून त्या डोळे पुसत एसटीत चढल्या. पुढं त्या कुठल्या तालुक्यात गेल्या, कळलं नाही.

सणसरला माझी बालवाडी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात शेवंता नावाची चिमुरडी उलट्या पायांत चपला घालत बसली. घालायची, बघायची, काढायची. माझी जीभ वळवळत होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. खाऊच्या वेळेपर्यंत कधीतरी तिला जमलं. ती उठली, दाराशी गेली आणि माझ्या चपला उचलून घेऊन आली.

"ताई, पाय द्या. तुमाला शिकिवते."