लाल रंगातले सत्त्याहत्तर

सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटांनी प्रूफताई एका दंतवैद्याला पत्र लिहीत होत्या. त्यांचे स्वतःचे दात ठणठणीत होते. दवाखान्याच्या वेबसाइटवर दात खाण्याच्या सवयीविषयी एक लेख होता आणि त्यात एक वाक्य होतं : माणूस वर्षाला सत्त्याहत्तर तास किल्ल्या शोधण्यात घालवतो. त्या वाक्यावर बोट ठेवलं की प्रूफताईंच्या कंपनीचं पान उघडायचं. पत्रात त्यांनी लिहिलं, की हा आकडा खोटा आहे. तो खोटा असल्याची मला खात्री आहे, कारण तो मीच टाकला होता. तरी कृपया दुरुस्ती करावी. मग पत्र पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिलं. यादीतलं हे छत्तिसावं नाव. यादी दोनशे बारांची होती.

कंपनी कुलपं बनवते. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली गोदाम, त्यामुळे जिन्यात कायम ग्रीसचा वास. भिंतीवरच्या फळीवर नमुन्याची चाळीस कुलपं टांगलेली आहेत आणि स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली दोन वर्षांपासून कुणालाच सापडलेली नाही. कागद हवा असला की कपाट मागून तिरकं करतात.

प्रूफताई इथे आल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी तेवीस वर्षं त्या एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासत होत्या. वर्तमानपत्र बंद पडलं, अकरा महिने घरी गेले, आणि त्या अकरा महिन्यांत त्यांनी घरातल्या औषधांच्या डब्यांवरच्या चुकासुद्धा दुरुस्त करून टाकल्या. तेव्हा नवराच म्हणाला, की काहीतरी काम शोध, नाहीतर मला वीजबिलही लाल खुणा केलेलं मिळेल.

काम मिळालं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. ते समजावून सांगितलं भाचेसाहेबांनी. हे मालकांचे भाचे, वय एकतीस, वेबसाइट त्यांच्या ताब्यात. वेबसाइटवर अशा गोष्टी लिहायच्या, की दुसऱ्या वेबसाइटवाल्यांनी आपण होऊन त्यांची लिंक द्यावी. जितके लोक लिंक देतील तितकं शोधणाऱ्याला आपलं नाव वर दिसेल. जाहिरात करायची नाही, कुणाला गळ घालायची नाही. लोकांनी स्वतःहून नाव घेतलं पाहिजे. सहा महिन्यांत पन्नास लिंका आल्या तर ताई कायम, नाही आल्या तर राम राम.

प्रूफताईंनी ‘कुलपाची निगा’ लिहिलं. ‘कुलूप घेताना काय पाहावं’ लिहिलं. गंजाविषयी इतकं नेटकं लिहिलं, की गोदामातला हमालही वाचून गेला. तीन महिन्यांत लिंका आल्या दोन. एक मालकांच्या मेव्हण्याच्या बिजागऱ्यांच्या दुकानाची. दुसरी अशा एका वेबसाइटची, जी जगातल्या यच्चयावत वेबसाइटची लिंक देते आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

“ताई, लोक सल्ल्याला लिंक देत नाहीत,” भाचेसाहेब म्हणाले. “आकड्याला देतात. आकडा म्हणजे खुंटी. प्रत्येकाला आपला सदरा अडकवायला एक लागते.”

तेव्हा प्रूफताईंनी आकडा काढायला घेतला, आणि तो काढायची त्यांची रीत अशी, की आधी मोजायचं. घराच्या दाराशी सुतळीने एक वही टांगली. बाहेर पडताना किल्ली शोधण्यात किती मिनिटं गेली, ते ज्याने त्याने लिहायचं. महिनाभर. घरात माणसं तीन. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक, म्हणजे नोंदी ठेवायची सवय असलेला. तो तिसऱ्याच दिवशी म्हणाला, की किल्लीपेक्षा वहीची पेन्सिल शोधायला जास्त वेळ लागतोय, तो कुठल्या रकान्यात टाकू. सासूबाई चाळीस वर्षं किल्ल्या कमरेला खोचून वावरत आलेल्या. त्यांनी वहीला हातच लावला नाही. हरवलंच नाही तर नोंद कसली करायची, म्हणाल्या. त्यांच्या नावापुढे सुनेने रोज शून्य लिहिलं आणि सासूबाईंनी ते रोज येऊन तपासलं.

महिना पुरा व्हायच्या आत पानाचा आराखडा द्यायचा होता. प्रूफताईंनी तो आपल्या जुन्या पद्धतीने दिला. वर्तमानपत्रात एखादा आकडा यायचा बाकी असला, की त्या जागी सत्त्याहत्तर घालायचे आणि तो लाल करायचा. जागा धरून राहते, आणि लाल दिसला की पुढचा माणूस थांबतो. प्रूफताईंच्या पुढे तिथे आणखी दोन टेबलं होती. तेवीस वर्षांत एकही सत्त्याहत्तर छापून गेला नव्हता.

इथे पुढच्या टेबलावर रंगपेटी होती. पानांची चित्रं आणि आलेख करणारी ही मुलगी कामाला चलाख, आणि रोज वेगळ्या रंगाचा चष्मा घालायची म्हणून हे नाव. तिला लाल सत्त्याहत्तर दिसले आणि वाटलं, ताईंना आकडा उठून दिसायला हवाय. तिने तो तळहाताएवढा केला, मागे काळं कुलूप काढलं, वर ‘तुमच्या आयुष्यातले हरवलेले तास’ असं चढवलं. गुरुवारी प्रूफताई सासूबाईंचे डोळे तपासायला घेऊन गेल्या होत्या. भाचेसाहेबांनी पान पाहिलं, मान डोलावली आणि बटण दाबलं.

शुक्रवारी प्रूफताईंनी ते पाहिलं आणि पान कसं उतरवायचं ते शोधू लागल्या. बटण दाबायचा अधिकार त्यांना नव्हता आणि भाचेसाहेब सुटीवर गेले होते. शनिवारी एका मोठ्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटने आकडा उचलला. सोमवारी सकाळी लिंका एक्केचाळीस होत्या. भाचेसाहेब जिन्यावरूनच आकडा ओरडत आले. प्रूफताईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मंगळवारी दुपारी लिंका त्रेपन्न झाल्या.

हे तोंड मिटणं प्रूफताई आजही झाकत नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात : तीन आठवडे गप्प बसले, कायमपणाचं पत्र हातात पडेपर्यंत. पत्र मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, स्वतः खाली येऊन दिलं. सोबत भेट म्हणून एक पितळी कुलूप. शिवाय आता त्या कायम झाल्या म्हणून पान चढवायचा अधिकारही दिला.

दरम्यान आकडा गावभर हिंडत होता. घरं हलवणाऱ्या एका कंपनीने तो घेतला. स्मरणशक्तीच्या गोळ्या विकणाऱ्याने घेतला, आणि पुढे ‘तज्ज्ञांच्या मते’ जोडलं. नवरा जेवताना मोबाइलवरून वाचून दाखवायचा, तज्ज्ञ काय म्हणतात ते ऐक, आणि आईकडे बोट दाखवायचा. महिना संपला तशी प्रूफताईंनी वहीची बेरीज केली. तिघांची मिळून एकशे चौसष्ट मिनिटं. त्यातली एकशे एकतीस एकट्या नवऱ्याची, आणि त्यातलीही चाळीस अशा एका दिवसाची, ज्या दिवशी किल्ली बाहेरून कुलपातच लटकत होती. हिशेबाने माणशी वर्षाला अकरा तास पडले. तेही एका घराचे. जगाचे किती, ते वहीत नव्हतं.

अकरा तासांची चिठ्ठी प्रूफताईंनी पाकिटात घालून ठेवली. कायमपणाचं पत्र मिळाल्यावर दोनच दिवसांनी ती बाहेर निघाली, दुसऱ्या एका कंपनीमुळे. तीही कुलपंच बनवते. तिने आपल्या वेबसाइटवर लिहिलं, ‘ताज्या पाहणीनुसार माणूस वर्षाला ऐंशी तास किल्ल्या शोधतो.’ मोठे साहेब बिथरले. त्यांनी भाच्यामार्फत निरोप धाडला, की आपण पंच्याऐंशी करा, आजच.

प्रूफताई पाकीट घेऊन भाचेसाहेबांच्या टेबलाशी गेल्या आणि चिठ्ठी पुढे ठेवली.

“हे अकरा कशाचे?” भाचेसाहेबांनी विचारलं.

“तासांचे. माझ्या घरातल्या तीन माणसांचे. मोजलेले एवढेच आहेत.”

“मग सत्त्याहत्तर कुठून आले?”

“कुठूनच नाही आले. खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसा तो रुमाल होता. तुम्ही त्यालाच हार घातला.”

भाचेसाहेबांनी चिठ्ठी उलटी करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मग उठून दार लावून आले. म्हणाले, “ताई, दोनशे बारा लोकांनी मान्य केलंय ते.”

“दोनशे बारा लोकांनी एकमेकांचं पाहून लिहिलंय. परीक्षेत पकडतात त्याला.”

भाचेसाहेबांनी विनवलं, दटावलं, मामा दोघांनाही घरी बसवील असंही सांगितलं. हे शेवटचं खरं होतं, आणि प्रूफताईंनाही ते पटलं. अकरा महिने त्यांनी घरी काढले होते, पुन्हा काढायची हौस नव्हती. त्यांनी एकच म्हटलं, की पंच्याऐंशी मी लिहिणार नाही. तेवीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडायचा पगार घेतला, आता स्वतःचं वाढवायचा घेऊ का. मग आपल्या जागी जाऊन बसल्या.

दोन दिवस त्या एकच पान लिहीत होत्या. ‘सत्त्याहत्तर हा आकडा कुठून आला’. वहीच्या पानांचे फोटो, सासूबाईंची तीस शून्यं, लटकलेल्या किल्लीचा दिवस, जुन्या कचेरीतली लाल खुणेची रीत, आणि आपण तीन आठवडे गप्प बसलो तेही. रंगपेटीला विचारलं, आलेख काढशील का. ती रडवेली झाली, म्हणाली, चूक माझीच आहे ना. प्रूफताई म्हणाल्या, तुझ्या पुढे टेबलच नव्हतं, त्यात तुझी काय चूक. सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी कुणालाही न विचारता बटण दाबलं आणि पर्स आवरून ठेवली. पितळी कुलूप टेबलावर काढून ठेवलं, परत द्यायचं म्हणून.

त्यांना बोलावणं आलं गुरुवारी. तोवर कबुलीच्या त्या पानाला एकसष्ट लिंका आल्या होत्या. मुलांना संख्याशास्त्र शिकवणारे मास्तर, वर्तमानपत्रांत चुका शोधणारे लोक, आणि ज्यांना दुसऱ्याची फजिती आवडते असे बाकीचे. मोठ्या साहेबांनी पान छापून घेतलं होतं. प्रूफताई उभ्याच राहिल्या.

साहेबांनी चष्मा लावला आणि एका परिच्छेदावर बोट टेकवलं. दुसऱ्या कंपनीचे ऐंशी हे आमच्या खोट्या सत्त्याहत्तरांवरून चढवलेले आहेत, असं तिथे तारखांसकट लिहिलं होतं.

“म्हणजे त्यांनी आपली चोरी केली,” साहेब म्हणाले. चेहरा उजळला होता. “हे छान केलंत तुम्ही. हे जरा ठळक करा.”

प्रूफताईंनी सांगायचा प्रयत्न केला, की मुद्दा तो नाही. साहेबांनी ऐकलं नाही. नोकरी राहिली, ती सचोटीसाठी नाही, शेजाऱ्याच्या फजितीसाठी. प्रूफताईंनी ती घेतली. त्यांनी एकच परवानगी मागितली : ज्यांनी सत्त्याहत्तर उचलले त्या सगळ्यांना दुरुस्तीची पत्रं लिहायची. साहेबांना त्यात काही फायदा दिसेना. लिहा, म्हणाले, पण कंपनीच्या वेळेत नाही.

कंपनीची वेळ साडेनऊची. म्हणून प्रूफताई नऊला येतात आणि रोज तीन पत्रं लिहितात. चौथं लिहीत नाहीत, कारण प्रत्येक लेख पुरता वाचल्याशिवाय पत्र लिहायचं नाही हा त्यांचाच नियम. आतापर्यंत पाच जणांनी दुरुस्ती केली. एकाने उलट विचारलं, खरा आकडा कळवा, मोठा असला तर बरं.

त्या सकाळी नऊ सव्वीसला दंतवैद्याचं उत्तर आलं. चूक दाखवल्याबद्दल आभार, लगेच दुरुस्त केलं आहे. प्रूफताईंनी लेख उघडला. सत्त्याहत्तर गेले होते. त्या जागी ऐंशी होते, आणि त्यांवर त्या दुसऱ्या कंपनीची लिंक.

रंगपेटी हिरवा चष्मा लावून आत येत होती. प्रूफताईंचा चेहरा पाहून म्हणाली, “ताई, दात खाऊ नका.”

त्यांनी खणातून कोरी वही काढली, पहिल्या पानावर ‘ऐंशी’ लिहून त्याखाली क्रमांक एक घातला आणि दंतवैद्याचं नाव लिहिलं. मग जुन्या यादीत छत्तिसाव्या नावापुढे फुली मारली. उद्या सकाळी नऊला सदतीस, अडतीस आणि एकोणचाळीस. घरं हलवणारी कंपनी, स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि मालकांच्या मेव्हण्याचं बिजागऱ्यांचं दुकान.