मोठीमायचे मोडलेले सोमवार

पार्बताबाईवर अन्याय झाला तो सत्तावीस वर्षांपूर्वी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी. गावातली लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती आणि त्याच वेळी एका लहानशा दवाखान्यात तिची मुलगी जन्मली. बाळ मोठं होतं, ओढून काढलं. बाई मागपर्यंत फाटली. पुढे टाके घातले, मागे कोणी पाहिलं नाही. सणाचा दिवस, सगळ्यांनाच घरी जायची घाई. संध्याकाळी तिला गावात आणलं तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कारण पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवसांत बैलांना कोणी जुंपत नाही. बैलांना आराम होता. त्या दिवसापासून पार्बताबाईला शौच थांबवता येईना. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहिते आहे, कारण ते साधं बोलायला तिला पंचवीस वर्षं लागली.

पार्बताबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, माझी मोठीमाय. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन्ही घरांचं अंगण एकच. दीड महिन्यापूर्वी ती गेली. मी त्या दिवशी एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावात बायकांच्या बैठकीला होते. तिथे फोन लागत नाही. संध्याकाळी एटापल्लीत परतले आणि मोबाईल एकसारखा वाजत राहिला... घरचे, शेजारचे, मग शीतलचा, म्हणजे तिच्या मुलीचा. दुपारी जेवून पडली, छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आधीच संपली. तिच्या जुन्या दुखण्याचा या मरणाशी संबंध नव्हता. लेख लिहायचं कारण दुसरंच आहे.

तेरवीला गावातले एक वडीलधारे बोलायला उभे राहिले. म्हणाले, अशी उपासाची बाई पंचक्रोशीत झाली नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, बाईने कधी अन्नाचा कण तोंडात घातला नाही, म्हणून देवाने असं अलगद नेलं. लोक माना डोलावत होते. शीतल माझ्या बाजूला बसली होती, मांडीवर पोरगी. ती हळूच म्हणाली, "ताई, मायले पुन्हा उपाशी ठेवून राह्यले हे लोकं."

तर ते उपास. आमच्या लहानपणापासून मोठीमाय उपास करायची आणि गाव तिला मानायचं. कोणाच्या घरी पूजा असली की आधी तिला निरोप. लग्नात पंगतीला बसली नाही तर कोणी रागवायचं नाही, "तिचा उपास असन" म्हणून वाढणारा पुढे जायचा. शिवरात्रीला ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, पण घरापासून इतक्या जवळ असलेल्या मार्कंड्याच्या जत्रेत मात्र ती कधी गेली नाही. दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. एकीला दुसरी जोडून कोणी पाहिली नाही. खरं असं होतं की पोटात काही नसलं तर बाहेर काही येणार नाही, हा तिचा हिशेब होता. बाजाराला जायचं आहे, उपास. सोयरिकीला जायचं आहे, उपास. देवाच्या नावावर उपाशी राहिलेल्या बाईला कोणी कारण विचारत नाही. आजारी बाईला विचारतात, आणि मग नावं ठेवतात. सासूला तिने सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. सासू म्हणाली, बाळंतपणात होते तसं, सव्वा महिन्यात बसते. सव्वा महिना गेला, बसलं नाही. पुन्हा सांगायची सोय राहिली नाही.

एकच हंगाम तिच्या आनंदाचा, रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बाईच्या लुगड्याकडे कोण पाहतो. तळ्यात मासे धरायलाही ती सगळ्यांच्या पुढे, कमरेपर्यंत पाण्यात. आम्हाला वाटायचं, बाईला पाण्याची हौस आहे.

मी एका आरोग्य संस्थेसाठी पत्रकं लिहिते, तेच माझं काम. हात धुवा, रक्तवाढीच्या गोळ्या घ्या, संडास वापरा. गठ्ठेच्या गठ्ठे वाटले आहेत. ज्या बाईला थांबतच नाही तिने काय करायचं, ही ओळ त्यातल्या एकाही पत्रकात नव्हती, आमच्याही नाही, सरकारीही नाही. दोन वर्षांपूर्वी शीतलला दिवस गेले. तिचं सासर गडचांदूरला, नवरा सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत, पण तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं, डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपण चंद्रपूरलाच मोठ्या दवाखान्यात करायचं. शीतलने आईला फोन केला, तू ये. मोठीमाय हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायचीच थांबली. तळ्याच्या पाळीवर मी तिला गाठलं. जायला अजून तीन महिने आहेत आणि तू आत्तापासून काय चालवलं आहेस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती जाळ्यातलं शेवाळ काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मले थांबत नाई वो बाई. बशीत झालं तं काय करू? इतक्या लोकाईत?"

मग तिने तान्ह्या पोळ्यापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पण मले जाचंच आहे. पोरगी फाटली आन् मांगून कोणी पाह्यलं नाई तं? मी तिथी उभी पाह्यजे."

तालुक्याला बायकांची डॉक्टर आठवड्यातून एकदा येते. मोटरसायकलवर मागे बसवून तिला नेलं. डॉक्टरने नीट तपासलं, तेही पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आतला स्नायू फाटून तसाच राहिला आहे, मोठ्या ठिकाणी ऑपरेशनचा विचार करता येईल, पण आधी खाणं आणि रोजची सवय सुधारू, पुष्कळ फरक पडतो, असं म्हणाली. काय खाता, कधी खाता, सगळं विचारलं. मोठीमायने मोठ्या अभिमानाने उपास सांगितले. डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाली, "दिवसभर रिकामं पोट, वरून चारदा चहा, अन् संध्याकाळी एकदम साबुदाणा, शेंगदाणे, मिरची. सकाळी आतडं उधळणारच ना, बाई. उपास बंद करा."

"मंग देवाले काय सांगू?"

"देवाचं मला माहीत नाही. मी आतड्याचं सांगून राह्यली."

इतकं सोपं होतं ते, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. कुठलं महागडं औषध नव्हतं. रोज ठरल्या वेळी थोडं थोडं खायचं, कोणतंही जेवण चुकवायचं नाही. सकाळी उठून घट्ट पेज, आणि पेज पोटात गेली की आतडं आपोआप जागं होतं, तेव्हा वाट न पाहता जाऊन बसायचं, घाई न करता, रोज त्याच वेळी. चहा सोडायचा, तिखट कमी, तळलेलं कमी. भात, दही, केळं. रात्री ताकात कालवलेला इसबगोल. पातळ असलं तर थांबवणं कठीण, बांधून आलं तर सोपं, एवढंच त्यामागचं तत्त्व. शिवाय मागचा भाग आवळून धरायचा, सोडायचा, दिवसातून अनेकदा. काय खाल्ल्यावर बिघडतं ते ज्याचं त्याने पाहायचं, प्रत्येकाचं वेगळं असतं. मोठीमायला जवसाची चटणी चालेना. ती सोडताना तिला जितकं दुःख झालं तितकं चहा सोडतानाही झालं नाही.

अडचण तिसरीच निघाली. अनुदानातून बांधलेला त्यांचा संडास सरपणाने भरला होता. वाडीकडे उघड्यावर जायचं तर सकाळी बायकांच्या घोळक्यात, दुसऱ्यांच्या वेळेने. मोठीमाय मोठबाला, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना म्हणाली, सरपण काढा. मोठबा म्हणाले, पाणकळ्यात, पावसात कुठी ठेवू? ती म्हणाली, "तुमच्या खाटेखाली ठेवा, नाईतं मी तुमच्या खाटेवर बसतो." संध्याकाळपर्यंत संडास रिकामा झाला. मोठबाने नंतर मला एकट्याने गाठून विचारलं, "तिले बरं वाटन ना?" त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं पहाटे विहिरीवर तिच्या आधी जाऊन पाणी भरून ठेवायचे ते याचसाठी. बोलले मात्र कधी नाहीत... तीही नाही.

आणि मग पहिला सोमवार आला. मोठीमाय ओसरीवर, सगळ्यांना दिसेल अशी बसून पेज प्यायली. आत बसून पिता आली असती. पण चोरून प्यायली तर जुनंच लपणं पुन्हा सुरू होईल, असं तिचं म्हणणं. समोरच्या यमुनाबाईने पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि फाटकाशी आली.

"काऊन वो पार्बता, आज सोमवार हाय ना?"

"हाय."

"मंग पेज पिऊन राह्यली?"

"इतके वर्स देवासाठी म्या केले. आता त्याले सांगतलं, माह्यासाठी तू कर."

ही गंमत गावात दोन दिवस टिकली, पण पुढे बोलणी झोंबू लागली. बाईचं देवावरचं मन उठलं. पुतणी शहरातून शिकून आली, तिनेच बाटवलं. एका घरच्या पूजेला पहिल्यांदा तिला निरोप आला नाही. गावात तिच्याजवळ मान म्हणून जे काही होतं ते उपासाच्याच जोरावर होतं आणि आता खरं कारण सांगितल्याशिवाय तो परत मिळणार नव्हता. कारण सांगायची तिची तयारी नव्हती. त्या संध्याकाळी ती अंगणात मासे साफ करत बसली होती. मी म्हटलं, सोडून दे हवं तर. ती म्हणाली, "मानानं पोरगी शिवली जात नाई." आणि खवले काढता काढता माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्याचा अर्थ, आवळून राह्यली. हा आमच्या दोघींचा व्यायाम होता. मीही करायची, सोबत म्हणून.

पहिले काही आठवडे फार फरक नव्हता. नंतर सकाळची वेळ बसली. मग बाजाराला जाऊन आली, जेवून. मग लग्नात गेली आणि पंगतीला बसली. वाढणारा सवयीने पुढे गेला तर तिने त्याचं धोतर धरलं.

निघायच्या दिवशी सकाळी पेज, संडास, मग बस, मी सोबत. चामोर्शीहून गडचिरोली, मग मूल गाव करत चंद्रपूर. थैलीत जास्तीचं लुगडं, जुनी कापडं, पाण्याची बाटली. तिने बसमध्ये चढताच कंडक्टरला सांगितलं, "भाऊ, मी थांबवा म्हणलं का थांबवजो. काऊन म्हणून विचारू नोको."

"उलटी होते काय, आजी?"

"उलटीचं नाई."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराजवळच्या सीटवर बसलेल्या पोराला उठवलं. "बसा इथी. आवाज द्या फक्त." थांबवायची वेळ आली नाही. मूलच्या स्टँडवर ती एकदा जाऊन आली, न लागताही, सावधगिरी म्हणून.

शीतलला मुलगी झाली. बाळ मोठंच होतं. नर्स बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगून वळली आणि मोठीमायने तिची वाट अडवली. बाहेर बाकांवर माणसं बसली होती, पुरुषही होते. "बाई, पोरगी फाटली काय? मांगपर्यंत पाह्यलं काय?" नर्स म्हणाली, आजी, इथे नका बोलू. मोठीमाय म्हणाली, "इथीच बोलतो. माह्यं पाह्यलं नोतं कोणी. पंचवीस वर्स मले थांबलं नाई. उपास कराची मी म्हून." पूर्ण व्हरांडा ऐकत होता. मी तिच्या बाजूला उभी होते, मी, जी माईक घेऊन बोलते, पण हे वाक्य कधी बोलले नव्हते. नर्स आत गेली, आणि डॉक्टर स्वतः बाहेर आली. म्हणाली, थोडं मागे फाटत गेलं होतं, एकेक थर पाहून शिवलं आहे, दीड महिन्याने मी पुन्हा तपासणार. मोठीमायने तेच पुन्हा एकदा विचारलं, डॉक्टरने तेच पुन्हा सांगितलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डबा उघडून दहीभात खाल्ला. तिची जेवायची वेळ झाली होती.

पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. बारशाला तिखटजाळ तर्री खाल्ली आणि दोन दिवस भोगली. कधी कधी काही कारण नसतानाही व्हायचं, मग ती लुगडं बदलायची आणि कामाला लागायची. ऑपरेशनचं म्हटलं की "पाहू" म्हणायची. पण पुढची दीड-दोन वर्षं ती गडचांदूरला दर महिन्याला जायची, नात आणायची, जेवायची. तिचं हे मी लिहिणार असं तिला एकदा सांगितलं होतं. "लिही," म्हणाली. "नाव घालून लिही. नाव नसलं का लोकाईले दुसऱ्याचीच बाई वाटते."

शीतल ठीक आहे. दीड महिन्याने तिला बोलावलं होतं, ती गेली, डॉक्टरने पाहिलं. पाच मिनिटं लागली.

आता तुम्हाला सांगते, वाचून पुरवणी घडी करून ठेवू नका. तुमच्या घरात बाळंत झालेली बाई आहे. आई असेल, सासू, बायको, वहिनी, सून. ती प्रवास टाळते, पंगत टाळते, बाहेर जायचं असलं की जेवत नाही, आणि तुम्ही तिला सोवळी म्हणता, लाजाळू म्हणता, हट्टी म्हणता. आजच तिच्याजवळ बसा आणि सरळ शब्दांत विचारा, तुला थांबतं का. ती नाही म्हणाली, काहीतरीच काय विचारता म्हणाली, तरी उठू नका. उत्तर मिळालं की तिला डॉक्टरकडे न्या, आणि आत जाताना तुम्हीही सोबत जा.