अकरा तास की दीड दिवस

गल्लीत तिला सगळे तिकीटताई म्हणत. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत तिची उभी हयात गेली होती आणि त्या धंद्याची एक रीत तिच्या जिभेवर पक्की बसली होती. गिऱ्हाइकाला फक्त हवेतला वेळ सांगायचा. आधी जाऊन रांगेत उभं राहा, उतरल्यावर सामानाची वाट बघा, हे सगळं तिकीट काढून झाल्यावर. आधीच सांगितलं तर माणूस खुर्चीतून उठतो.

घरी मात्र ती उलटं माप लावायची. दादा, तिचा थोरला भाऊ, नऊ हजार किलोमीटरवर राहायचा. थेट विमानाने अकरा तास. पण आईने विचारलं की ती म्हणे, "दीड दिवस लागतो गं. दोन विमानं, मधे ताटकळणं. फार दगदग होते त्याची." दादा कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. त्याच्या न येण्यावर पांघरूण घालायला कुणीतरी हवं होतं, आणि ही होतीच. घरात राहिलेल्याच्या वाट्याला अशी बिनपगारी कामं फार येतात.

यंदा आईने अंथरूण धरलं. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. दादा फोनवर म्हणाला, "बघतो, रजेचं जमतंय का." ताईने कचेरीचं काम घरी आणलं आणि आईच्या खोलीबाहेर टेबल मांडलं. औषध, चादरी, फोन, पुन्हा औषध. ती पार थकून गेली होती, आणि थकल्या माणसाची जीभ सवयीनेच चालते.

दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला नेमकं दादाच्याच शहरी जायचं होतं. "अहो, लांब कसलं? थेट विमान आहे, रोज आहे. फक्त अकरा तास. जेवा, झोपा, डोळे उघडले की पोहोचलात!"

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, खोलीचं दार सताड उघडं होतं.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताई जाऊन तिच्या पायाशी बसली.

"अकरा तास?" आईने विचारलं. "रोज?"

"हो."

आईने पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं. ताईला वाटलं, हिने मला चांगलं फैलावर घ्यावं, आणि एकदा तरी त्या दादालाही घ्यावं.

संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. "काय हो, मुलगा नाही आला अजून?"

ताई उठायच्या आत आईच उशीवरून मान वळवून म्हणाली, "कसा येणार हो? दीड दिवस लागतो. दोन विमानं, मधे ताटकळणं. फार दगदग होते त्याची."

काकू हळहळल्या आणि गेल्या. मग आईने चाचपत ताईचा हात धरला.

"तू दाराबाहेर नको बसूस," ती म्हणाली. "तेवढंसुद्धा लांब वाटतं गं. टेबल आत घे."